बाब्या, कार्टं आणि मोजपट्टी

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगाला पूर्वापार ठाऊक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही विद्वानांनी त्यावर शास्त्राचा शिक्का मारून घेतला. 'उत्तम' माणसांनी भरपूर मुलं जन्माला घालावीत, 'हलक्या' माणसांनी घालू नयेत, म्हणजे मनुष्यजात सुधारेल, हे सुप्रजननशास्त्राचं सार. आता उत्तम कोण आणि हलकं कोण, हे ठरवायला मोजपट्टी हवी. ती मानसशास्त्राने पुरवली आणि शाळांनी वापरली. पुढे ते शास्त्र बदनाम होऊन अडगळीत गेलं. मोजपट्टी मात्र वर्गात, प्रवेशपरीक्षेत आणि पार विवाह समुपदेशकाच्या खोलीपर्यंत जाऊन बसली. तिच्या प्रवासातले हे किस्से. बरेचसे हसवतील, काही घशात अडकतील.

१. खिशात सुई, मनात नकाशा

मूळपुरुष सर फ्रान्सिस गाल्टन (१८२२–१९११). चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस हेच गाल्टनचे आईकडचे आजोबा. आज्या मात्र वेगळ्या. या शास्त्राचं बारसं गाल्टननीच १८८३ मध्ये केलं. गृहस्थांना मोजामापीचं विलक्षण वेड. रस्त्याने जाताना खिशातल्या कागदाला सुईने भोकं पाडत ते समोरून येणाऱ्या बायकांची सुंदर, मध्यम, कुरूप अशी वर्गवारी करत. त्यातून ब्रिटनचा 'सौंदर्य नकाशा' निघायचा होता. लंडन पहिलं आलं, ॲबर्डीन शेवटचं. १८७२ मध्ये त्यांनी प्रार्थनेचा हिशेब मांडला. राजाच्या दीर्घायुष्यासाठी अख्खा देश देवाला साकडं घालतो, तर राजे जास्त जगायला हवेत. आकडे पाहिले, तर खात्यापित्या वर्गांत राजघराण्यांचंच सरासरी आयुष्य सर्वांत कमी! उरलेला केक वाळू नये म्हणून तो कसा कापावा, याचंही शास्त्रशुद्ध पत्र त्यांनी १९०६ मध्ये 'नेचर'ला धाडलं. उत्तम माणसांनी वंश वाढवावा म्हणणाऱ्या गाल्टनना स्वतःला मात्र मूलबाळ नव्हतं.

२. तीन पेन्स द्या, माप घ्या

१८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात गाल्टननी आपली 'प्रयोगशाळा' थाटली. तीन पेन्स भरा, आत या, उंची, हातांचा पल्ला, पकडीचा जोर, फुंकर, नजर, कान असं सगळं मोजून घ्या. स्वतःची माहिती देण्यासाठी पदरचे पैसे मोजणारे ९,३३७ लोक मिळाले. पंतप्रधान ग्लॅडस्टनही येऊन गेले आणि आपलं डोकं किती मोठं आहे, याचाच धोशा लावून बसले. गाल्टनना ते काही फार मोठं वाटलं नाही.

तीक्ष्ण इंद्रियं म्हणजे तीक्ष्ण बुद्धी, हा यामागचा समज. १९०१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क विस्लर यांनी अशाच चाचण्यांचे आकडे विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहिले. संबंध जवळजवळ शून्य! विस्लरनी हे शोधलं ते सहसंबंध काढण्याच्या गणिताने, आणि ते गणित गाल्टनचंच.

३. बैलापुढे वाचली गीता, बैलानेच शिकवली

सामान्य माणसाच्या अकलेवर गाल्टनचा फारसा विश्वास नव्हता. १९०६ मध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक पैज लागली: हा बैल कापून साफ केल्यावर किती वजन भरेल? खाटीक, शेतकरी, हौशे-गवशे सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. गाल्टननी त्यांतल्या ७८७ चिठ्ठ्या मिळवून रचल्या. अगदी मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला. खरं वजन होतं १,१९८. चूक एक टक्क्याहूनही कमी. हा निकाल त्यांनी १९०७ मध्ये प्रामाणिकपणे छापला. सुप्रजननाचा प्रचार मात्र तसाच चालू राहिला.

४. चॉकलेट की लाकूड?

बुद्धिमापनाची पहिली चालणारी चाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी केली. तीस कामं, सोप्यापासून अवघडाकडे. जळत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का? चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा ठोकळा यांतलं खायचं कोणतं, हे त्याला कळतं का? हेतू साधा होता: नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुलं वेळीच ओळखायची आणि त्यांना जास्तीची मदत द्यायची. बुद्धी म्हणजे जन्मजात ठरलेला, कधीच न बदलणारा साठा, असं मानणाऱ्यांवर बिने उखडत. मुलांचं लक्ष आणि स्मरण वाढावं म्हणून त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यांत पुतळ्यासारखं स्तब्ध राहण्याचा खेळही होता. १९११ मध्ये बिने वारले. तोवर त्यांची चाचणी अटलांटिक ओलांडून गेली होती, आणि तिकडे तिचा हेतूच उलटा झाला. 'याला कोणती मदत हवी?' या प्रश्नाच्या जागी 'याची लायकी किती?' हा प्रश्न येऊन बसला.

५. एका घराण्याची बनवलेली गोष्ट

ही चाचणी अमेरिकेत नेणारे हेन्री गोडार्ड हे न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेत संशोधक होते. १९१२ मध्ये त्यांचं 'कॅलिकॅक' घराण्यावरचं पुस्तक गाजलं. आडनाव बनावट, ग्रीकमधले सुंदर आणि वाईट हे शब्द जोडून केलेलं. गोष्ट अशी: एका सैनिकाला खानावळीतल्या मुलीपासून झालेला ४८० जणांचा वंश बिघडलेल्यांनी भरलेला, धर्मशील पत्नीपासून झालेला ४९६ जणांचा वंश जवळजवळ सगळा सज्जन. कित्येक पिढ्यांपूर्वी मेलेल्या माणसांची बुद्धी संस्थेच्या बायकांनी गावगप्पांवरून ठरवली होती. पुढे वंशावळ नीट तपासणाऱ्यांना आढळलं, की 'वाईट' शाखेचा मूळपुरुष त्या सैनिकाचा मुलगाच नव्हता.

पुस्तकातली 'डेबोरा' १८९७ मध्ये आठ वर्षांची असताना संस्थेत आली आणि १९७८ मध्ये वारली तोवर तिचं आयुष्य अशा संस्थांतच गेलं. ती उत्तम सुतारकाम आणि शिवणकाम करी, कॉर्नेट वाजवी, बालवाडीत मदत करी. चाचणी मात्र तिला मंदबुद्धीच म्हणत राहिली.

६. बोटीतून उतरताच पेपर

१९१३ मध्ये गोडार्डच्या मदतनीस न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर पोहोचल्या. कितीतरी दिवसांचा समुद्रप्रवास करून उतरलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या, कित्येकदा आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या माणसांची त्यांनी परीक्षा घेतली. निकाल: यहुदी, हंगेरियन, इटालियन आणि रशियन, प्रत्येक गटातले सुमारे ८० टक्के मंदबुद्धी! आकडा इतका भयंकर होता, की खुद्द गोडार्डही चक्रावले. तरी त्यांनी तो छापला. १९२८ पर्यंत मात्र ते आपल्या बऱ्याच मतांवरून मागे हटले होते.

७. स्कॉलरशिपच्या पेपरचे पूर्वज

स्कॉलरशिपच्या परीक्षेतला बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवतो? संख्यामालिका पूर्ण करा, समसंबंध ओळखा. अशा प्रश्नांचा सामुदायिक, घड्याळ लावून घेतलेला पहिला मोठा पेपर पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने काढला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख जवानांनी 'आल्फा' किंवा 'बीटा' चाचणी दिली. आल्फात विचारलं होतं: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हे तिकडचं वनस्पती तूप. नुकत्याच अमेरिकेत आलेल्या इटालियन मजुराला ते माहीत नसेल, तर त्याची 'जन्मजात' बुद्धी कमी! निरक्षरांसाठीच्या बीटात चित्रातला राहिलेला भाग काढायचा होता, उदाहरणार्थ टेनिसच्या मैदानावरची जाळी.

गोऱ्या जवानांचं सरासरी मानसिक वय १३ निघालं, म्हणजे समज तेरा वर्षांच्या मुलाएवढी, आणि गोडार्डच्या व्याख्येप्रमाणे त्यांतले जवळजवळ निम्मे मंदबुद्धी ठरले. मग कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ होरेस मान बाँड यांनी १९२४ मध्ये याच आकड्यांतून एक गोष्ट बाहेर काढली: इलिनॉय, न्यूयॉर्कसारख्या उत्तरेकडच्या राज्यांतले कृष्णवर्णीय जवान मिसिसिपी, आर्कान्सासमधल्या गोऱ्या जवानांच्या पुढे होते. वंशापेक्षा शाळा जास्त बोलत होती.

८. आधी ग्रंथ, मग परीक्षा, मग माघार

याच सैनिकी आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये ग्रंथ लिहिला: उत्तर युरोपचे लोक श्रेष्ठ, बाकीचे येत राहिले तर अमेरिकेची बुद्धी घसरणार. पुढच्याच वर्षी दक्षिण आणि पूर्व युरोपीयांना रोखणारा स्थलांतर कायदा आला. त्यामागे कारणं अनेक होती, पण अशा ग्रंथांनी त्या हवेत भर घातली. ब्रिगमनीच कॉलेज प्रवेशासाठी 'सॅट' तयार केली. जून १९२६ मध्ये ती ८,०४० विद्यार्थ्यांनी दिली. १९३० मध्ये त्यांनी लेख लिहून आपला ग्रंथ स्वतःच निराधार ठरवला. ग्रंथ विसरला गेला. सॅट आजही आहे, आणि पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं तिच्यासाठी क्लास लावतात.

९. गुरांच्या गोठ्याशेजारी माणसांची स्पर्धा

१९२० मध्ये कॅन्ससमधल्या टोपीका इथल्या कृषी मेळ्यात 'सुदृढ कुटुंब' स्पर्धा सुरू झाली. एका मांडवात वळू आणि डुकरं जोखली जात, दुसऱ्या मांडवात सहकुटुंब सहपरिवार माणसं. डॉक्टर तपासत, बुद्धिचाचणी होई, घराण्याचा इतिहास विचारला जाई. चांगली श्रेणी मिळालेल्या कुटुंबाला पदक मिळे. लवकरच इतर राज्यांच्या जत्रांतही हे मांडव पडले.

१०. एक आकडा, दोन बायका

१९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी व्हर्जिनियातल्या कॅरी बक हिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. आई मंदबुद्धी, कॅरी मंदबुद्धी, तान्ही मुलगी व्हिव्हियनही तशीच, तीन पिढ्या पुष्कळ झाल्या, असा निकालाचा सूर होता. ही व्हिव्हियन पुढे शाळेत जाऊ लागली आणि गुणवंतांच्या यादीत झळकली. आठव्या वर्षी आजाराने ती गेली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली ६० हजारांहून अधिक नसबंद्या झाल्या.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेलानी म्यूर या मुलीचा बुद्ध्यांक ६४ लावला गेला. १९५९ मध्ये अपेंडिक्स काढतो सांगून तिची नसबंदी केली. मोठेपणी पुन्हा चाचणी झाली तेव्हा बुद्ध्यांक ८९ आला. १९९६ मध्ये तिने सरकारविरुद्धचा खटला जिंकला.

११. दोन नोबेल, दोघेही नापास

बुद्ध्यांक हा शब्द घरोघरी पोहोचवणारे स्टॅनफर्डचे लुईस टर्मन सुप्रजननाचे कट्टर पुरस्कर्ते. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार 'प्रज्ञावंत' मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. गंमतीने या मुलांना 'टर्माइट' म्हणजे वाळवी म्हणत. त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाचणीत कमी पडल्याने गाळलेल्या दोन मुलांना मात्र मिळालं: विल्यम शॉक्ले (१९५६) आणि लुईस अल्वारेझ (१९६८), दोघेही भौतिकशास्त्रात. टर्मनचा स्वतःचा मुलगा फ्रेडरिक प्रज्ञावंतांच्या यादीत होता. पुढे स्टॅनफर्डमध्ये मोठ्या पदावर गेल्यावर त्यानेच शॉक्लेला पालो आल्टोच्या परिसरात यायला उत्तेजन दिलं आणि सिलिकॉन व्हॅलीची पायाभरणी झाली.

१२. नापास झालेल्याचा सूड

चाचणीने नाकारलेला शॉक्ले शहाणा झाला असेल, असं वाटतं? छे! उतारवयात त्याने योजना मांडली: बुद्ध्यांक शंभराखाली असलेल्यांनी नसबंदी करून घ्यावी, शंभराखालच्या प्रत्येक गुणामागे हजार डॉलर मिळवावेत. न फुटणाऱ्या चष्म्याच्या काचांवर श्रीमंत झालेल्या रॉबर्ट ग्रॅहम यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्नियात नोबेलविजेत्यांची वीर्यपेढी काढली, तेव्हा जाहीरपणे 'दाता' म्हणवून घेणारा नोबेलविजेता एकटा शॉक्लेच. पेढीची यादी वधू-वर सूचक मंडळाच्या वहीसारखी: उंची, केस, डोळे, छंद, शिक्षण. १९९९ मध्ये पेढी बंद पडेपर्यंत दोनशेहून अधिक मुलं जन्मली. नोबेलविजेत्याचं त्यांत एकही नव्हतं.

१३. कोपर्निकस, काठावर पास

टर्मननी १९१७ मध्ये दिवंगत गाल्टनच्या बालपणाच्या पत्रांवरून त्यांचा बुद्ध्यांक जवळपास २०० ठरवला. केंब्रिजला गाल्टन आजारी पडून साध्या पदवीवर बाहेर पडले होते, ही गोष्ट वेगळी. मग टर्मनची विद्यार्थिनी कॅथरीन कॉक्स हिने १९२६ मध्ये इतिहासातल्या ३०१ थोरांना चरित्रं वाचून बुद्ध्यांक वाटले. जॉन स्टुअर्ट मिलला १९०, कोपर्निकस आणि फॅरडेला सुरुवातीला १०५ च्या आसपास. मिलच्या बालपणीच्या पराक्रमांच्या नोंदी उरल्या होत्या. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या फॅरडेच्या कोण ठेवणार? बालपणाची कागदपत्रं कमी, तर बुद्ध्यांकही कमी. पृथ्वी फिरवणाऱ्यालाही कागदपत्रं लागतात!

१४. मुलींसाठी पट्टी वाकली

१९३७ मध्ये टर्मन आणि मॉड मेरिल यांनी बिनेच्या चाचणीच्या आपल्या अमेरिकी रूपाची नवी आवृत्ती काढली. मुलगे आणि मुली यांच्या गुणांत मोठा फरक पाडणारे प्रश्न त्यांनी सरळ वगळले. लिंगांची बुद्धी सारखीच असणार असं गृहीत होतं, म्हणून फरक दिसला तर प्रश्न चुकीचा. वंश किंवा वर्ग यांच्यात फरक दिसला तर मात्र माणूस चुकीचा. पट्टी माणसंच बनवतात, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

१५. तिसऱ्या दशांशापर्यंत तंतोतंत

इंग्लंडमधले सिरिल बर्ट हे लंडनच्या शाळांचे पहिले सरकारी मानसशास्त्रज्ञ (१९१३). त्यांचे वडील डॉक्टर. गाल्टन कुटुंब त्यांच्या रुग्णांत होतं, त्यामुळे गाल्टनची थोरवी बर्टनी लहानपणापासूनच ऐकलेली. बुद्धी बहुतांशी आनुवंशिक असते आणि अकराव्या वर्षाच्या आसपास मुलांची वाटणी करता येते, या त्यांच्या मताचं वजन मोठं होतं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर 'इलेव्हन प्लस' परीक्षेने लाखो मुलांच्या वाटा दहाव्या-अकराव्या वर्षीच वेगळ्या केल्या. बर्टचा हुकमी पुरावा म्हणजे वेगवेगळ्या घरी वाढलेली जुळी. जोड्यांची संख्या २१ वरून ५३ वर गेली, तरी सहसंबंध तोच: ०.७७१. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिओन कामिन यांना हा चमत्कार खटकला. १९७६ मध्ये पत्रकारांनी बर्टच्या दोन सहकारी बाईंचा शोध घेतला, तर त्यांचा पत्ता लागेना. बर्ट तेव्हा हयात नव्हते. लबाडी की गबाळेपणा, यावर वाद अजून आहे. पण त्या आकड्यांवर आता कोणी भिस्त ठेवत नाही.

१६. खजूर ते संसार

अमेरिकेत विवाह समुपदेशन रुजवणाऱ्यांत अग्रणी पॉल पोपेनो. गडी मूळचा खजुराचा! अरबस्तान, उत्तर आफ्रिका पालथी घालून त्याने कॅलिफोर्नियात खजुराची हजारो रोपं आणली. रोपांच्या वाणांवरून तो माणसांच्या वाणांकडे वळला आणि १९२९ मध्ये सक्तीच्या नसबंदीची भलामण करणाऱ्या पुस्तकाचा सहलेखक झाला. १९३० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याने कौटुंबिक सल्ला केंद्र काढलं. 'चांगल्या' जोडप्यांचे संसार टिकावेत, म्हणजे त्यांना भरपूर मुलं होतील, हा अंतस्थ हेतू. १९५३ पासून एका महिला मासिकात त्याच्या केंद्रातल्या भांडणांवर सदर चालू झालं: हा संसार वाचेल का? वाचकांना फक्त भांडणं दिसली.

१७. पुण्याच्या सूनबाई बर्लिनमध्ये

महर्षी कर्व्यांच्या सूनबाई इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनाला गेल्या. संस्था मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची; मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांच्या मतांचा आधार पुढे नाझींनी घेतला. फिशरचा सिद्धान्त असा: युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात आणि त्यातच त्याची श्रेष्ठ बुद्धी दडलेली आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला: या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या संस्थेत बसून, त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध! फिशरनी गुण देताना हात आखडता घेतला. पदवी मात्र द्यावी लागली.

१८. एकत्र जेवलं तर रक्तात काय बदलतं?

हे वारं महाराष्ट्रातही आलं होतं. सोलापुरात १९२९ मध्ये सुप्रजननाच्या शिक्षणासाठी संस्था निघाली; मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये 'मॅरेज हायजीन' हे नियतकालिक काढलं. संततिनियमन आणि सुप्रजनन तेव्हा हातात हात घालून चालत. त्याच काळात काही पंडित सांगू लागले, की जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांची सुप्रजननाची योजनाच. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हा दावा वकिलाच्या थाटात उलटतपासला. पंजाबच्या ब्राह्मणाचं मद्रासच्या ब्राह्मणाशी वांशिक नातं काय? रक्तशुद्धी हाच हेतू असेल, तर एकत्र जेवण्यावर बंदी कशाला? पाठिंब्याला त्यांनी डॉ. दे. रा. भांडारकरांचं मत घेतलं: परक्या रक्ताचा अंश नसलेला वर्ग भारतात सापडणं कठीण.

१९. आई पदवीधर? या, पुढे या!

१९८४ मध्ये सिंगापूरच्या ली क्वान यू सरकारने शाळाप्रवेशात पदवीधर आयांच्या मुलांना प्राधान्य दिलं. कमी शिकलेल्या तरुण आईने एक-दोन मुलांवर थांबून नसबंदी केली, तर तिला दहा हजार सिंगापुरी डॉलर. अविवाहित पदवीधरांची लग्नं जमवायला सरकारी कचेरी उघडली. ती सहली आणि मेळावे भरवी. पदवीधर बायकाच सगळ्यात जास्त चिडल्या. वर्षअखेरच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मतं चांगलीच घटली आणि १९८५ मध्ये शाळाप्रवेशाची सवलत गुंडाळली गेली.

२०. घसरण शोधायला गेले, चढण सापडली

गरिबांना मुलं जास्त, म्हणजे देशाची बुद्धी पिढीगणिक घसरणार, ही जुनी धास्ती. ती तपासायला स्कॉटलंडने १९३२ मध्ये अकरा वर्षांच्या ८७ हजारांहून अधिक मुलांची एकाच दिवशी परीक्षा घेतली आणि १९४७ मध्ये तीच पुन्हा. सरासरी घसरली नव्हती, किंचित वाढली होती. पुढे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांत हेच दाखवलं: दशकामागे सुमारे तीन गुणांची चढण. आनुवंशिकता इतक्या लवकर बदलत नाही. बदलली ती शाळा, पोषण आणि विचार करण्याच्या सवयी. स्कॉटलंडच्या जुन्या उत्तरांच्या नोंदी मात्र सोनं ठरल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या पुन्हा हाती लागल्या आणि म्हातारपणी मेंदू कसा टिकतो, याच्या संशोधनाचा पाया झाल्या.

२१. पाट्या उतरल्या

पालो आल्टोतल्या एका शाळकरी मुलाने आपल्या शाळेला ज्यांचं नाव होतं, त्या डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्यावर गृहपाठ लिहिला. जॉर्डन स्टॅनफर्डचे पहिले अध्यक्ष आणि सुप्रजननाचे प्रचारक. गृहपाठ घरच्यांनी वाचला आणि गावात चर्चा पेटली. २०१८ मध्ये जॉर्डन आणि टर्मन ही दोन्ही नावं शाळांवरून गेली. २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने व्याख्यानगृहावरून गाल्टनचं, तर कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजने इमारतीवरून मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकचं नाव काढलं. स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्र विभाग ज्या इमारतीत होता, तिच्यावरचं जॉर्डनचं नावही गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वंशवादातल्या आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. त्यात सुप्रजननाचाही उल्लेख होता.

२२. व्हाइनलँड ते नागपूर, पॅरिस ते धारवाड

गोडार्डच्या व्हाइनलँडमध्येच एडगर डॉल नावाचे त्यांचे तरुण सहकारी होते. फक्त बुद्ध्यांकावरून माणसाला मतिमंद ठरवणं त्यांना पटेना. स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, एकटा गावात जाऊन येतो का, हे विचारणारी सामाजिक परिपक्वतेची श्रेणी त्यांनी १९३५ मध्ये केली. तिचं भारतीय रूप डॉ. ए. जे. मालिन यांनी नागपुरात घडवलं. ८९ बाबींची ही 'नागपूर आवृत्ती' देशभर वापरली जाते. बिनेची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि 'बिने-कामत' आजही मानसोपचार विभागांत रुळलेलं नाव आहे. तिची प्रमाणकं फार जुनी झाली, अशी तक्रार तज्ज्ञ करतात, आणि ती रास्त आहे.

तरीही अशा चाचण्या आज बऱ्याचदा बिनेच्या मूळ कामाला लागलेल्या दिसतात: बौद्धिक अक्षमतेचा दाखला, त्यावरच्या सवलती, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या पेपरला जादा वेळ किंवा लेखनिक. म्हणून कोणी तुमच्या मुलाचा बुद्ध्यांक कागदावर लिहून हाती ठेवला, तर तो किती आहे हे बघून झाल्यावर समोरच्याला विचारा: यावरून माझ्या मुलाला आता काय मिळणार? उत्तरात एखादा तास, एखादी शिक्षिका, एखादी सवलत आली तर कागद जपून ठेवा. नुसता शिक्काच आला, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा.